अहवालाचे पहिले पान

सप्टेंबर हा महाराष्ट्रात सर्वसाधारण सभांचा महिना. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, सभा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, आणि शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबायची आपली जुनी सवय आहे. त्यामुळे पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने, गृहनिर्माण संस्था यांच्या अहवाल-पुस्तिका या दिवसांत घरोघर येऊन पडतात. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो, आत संचालक मंडळाची रांग, मग सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि त्यानंतर ते ओळखीचे वाक्य : सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेचा अमुकावा वार्षिक अहवाल व ३१ मार्चअखेरचा ताळेबंद आपणांसमोर सादर करताना संचालक मंडळास अत्यानंद होत आहे.

नफा झाला तरी अत्यानंद आणि तोटा झाला तरी अत्यानंद. थकबाकी दुप्पट झाली, ठेवी आटल्या, लेखापरीक्षणाचा वर्ग घसरला, तरी आनंदात तसूभर फरक पडत नाही. कारण हे वाक्य कोणी लिहिलेलेच नसते. मागच्या वर्षीच्या फाइलमधून ते उचललेले असते. ‘अठ्ठावन्नावा’च्या जागी ‘एकोणसाठावा’ एवढीच दुरुस्ती होते. पुढे दिवंगतांना श्रद्धांजली येते, त्यापुढे देशाची आर्थिक स्थिती, रिझर्व्ह बँकेचे धोरण आणि पाऊसमान. लाभांश किती आणि थकबाकी किती, हे सभासदाला हवे असते. ते आठव्या-दहाव्या पानावर कुठेतरी असते. अनुभवी सभासद म्हणूनच पुस्तिका मागून उघडतो.

हा दोष सहकाराचाच आहे असे नाही. बँकेत दिला जाणारा प्रकल्प अहवाल, कंपनीतला बाजारपाहणीचा अहवाल, सल्लागाराने दिलेला जाडजूड अहवाल, या सगळ्यांत सुरुवातीवर सर्वांत कमी विचार झालेला असतो. आणि बहुतेक वाचक वाचतात ते मात्र तेवढेच. व्यावसायिक अहवालाची सुरुवात कशी असावी, याबद्दल गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जगात बरेच म्हटले गेले आहे. आपल्याकडचीही काही जुनी वळणे आहेत. या सगळ्यांचा एकत्र विचार केला तर काय हाती लागते, ते पाहू.

नावे अनेक, कामे वेगळी

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा. प्रस्तावना, प्रास्ताविक, मनोगत, निवेदन, सारांश हे शब्द आपण अदलाबदल करून वापरतो. मनोगत हे व्यक्तीचे असते. अध्यक्षांना काय वाटते ते त्यात येते. सारांश म्हणजे अख्ख्या अहवालाची लहान प्रत. तो वाचून पुढचे काही वाचले नाही तरी वाचकाचे अडू नये. प्रस्तावनेचे काम तिसरेच आहे. हा अहवाल कोणी मागितला, कोणत्या प्रश्नासाठी, त्यात काय पाहिले आणि काय पाहिले नाही, माहिती कशी गोळा केली, आणि थोडक्यात काय आढळले, एवढे सांगून ती वाचकाला दारातून आत घेते. मोठ्या अहवालात सारांश आणि प्रस्तावना वेगळ्या पानांवर असतात. पाच-सहा पानांच्या अहवालात दोन्ही कामे एकाच परिच्छेदाला करावी लागतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे ‘प्रस्तावना’ म्हटले की पुस्तकाची प्रस्तावना आठवते, आणि तो आपल्याकडे स्वतंत्र, मानाचा लेखनप्रकार आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्या मालेतल्या लांबलचक प्रस्तावना मूळ कागदपत्रांइतक्याच गाजल्या. कवितासंग्रहाला ज्येष्ठ कवीची, आत्मचरित्राला मंत्र्यांची प्रस्तावना घ्यायची रीत आजही आहे. तिथे प्रस्तावना म्हणजे कौतुक, मूल्यमापन, पाठराखण. हाच सूर नकळत अहवालात उतरतो, आणि दूध संघाच्या अहवालाची सुरुवात श्वेतक्रांतीच्या इतिहासापासून होते.

‘अहवाल’ हा शब्द मात्र वेगळेच सांगतो. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘हाल’ म्हणजे स्थिती. ‘अहवाल’ हे त्याचेच अनेकवचन. हालहवाल विचारतो तो माणूस ‘कसे आहात’ या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत असतो. त्याला आधी पंचांग वाचून दाखवायचे नसते.

आपल्याकडची जुनी वळणे

कागदाची सुरुवात कशी करावी, याचा विचार मराठी कारभारात जुना आहे. कोणाला कोणता मायना लिहायचा, याचे संकेत कडक होते. वडिलांना वेगळा, बरोबरीच्याला वेगळा, धन्याला वेगळा. ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे त्याच घरातली. मायन्याने लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते एका ओळीत ठरत असे, आणि हे ठरवणे उपयोगाचे होते. घोळ पुढे झाला. पत्राचा मायना अहवालाच्या डोक्यावर चढला आणि आदर दाखवण्यातच पहिले पान संपू लागले.

याहून बोलका नमुना सभासदाच्या बखरीत सापडतो. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. ते कोणी लिहायला सांगितले, हे तो सुरुवातीलाच सांगतो : राजाराम महाराजांनी आपल्या वडिलांचा पराक्रम कसा घडला, हे मुळापासून लिहिण्याची आज्ञा केली. प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे आणि ते कोठून कोठपर्यंत, या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. बखर हा अहवाल नव्हे आणि तिच्यातला तपशील इतिहासकार पारखूनच घेतात. सुरुवात मात्र कोणत्याही सल्लागार कंपनीने गिरवावी अशी आहे.

तिसरे वळण रोजच्या ओळखीचे आहे : महाराष्ट्र शासनाचा शासन निर्णय. वर विषय, मग ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या पत्रांची यादी, त्यानंतर ‘प्रस्तावना’ असे शीर्षक आणि त्याखालीच ‘शासन निर्णय’. या रचनेला नावे ठेवणारे पुष्कळ असले तरी तिचा एक गुण मान्य करावा लागतो. पार्श्वभूमी कुठे संपते आणि निर्णय कुठे सुरू होतो, हे डोळ्यांना दिसते. घाईतला तलाठी किंवा मुख्याध्यापक प्रस्तावना सोडून सरळ निर्णयावर जाऊ शकतो. दोष आहे तो प्रस्तावनेच्या पोटात. अर्ध्या पानाचे एकच वाक्य असते आणि ते ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ इथे येऊन टेकते.

साहेबाची शिस्त आणि नंतरचे पंथ

इंग्रजी अंमलातून एक ठाशीव साचा आपल्याकडे आला : आधी कार्यकक्षा, मग पद्धत, मग आढळलेल्या गोष्टी, निष्कर्ष आणि शेवटी शिफारशी. चौकशी समित्यांचे, आयोगांचे अहवाल आजही याच वाटेने जातात. यात लेखकाला आपण कशासाठी नेमले गेलो होतो ते विसरता येत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की सगळ्यांत महत्त्वाचे शेवटी येते. न्यायालयीन चौकशीला हा क्रम शोभतो. दुपारी चारला बैठक असलेल्या व्यवस्थापकाला तो परवडत नाही.

या सवयीवर पहिला मोठा हल्ला एका पंतप्रधानाने केला, तोही ऐन युद्धात. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवरचे हवाई युद्ध पेटलेले असताना, विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या मंत्रिमंडळाला आणि खात्यांना संक्षेपावर एक टिपण पाठवले. अहवाल लांबतात, मुद्दे शोधण्यात वेळ जातो. मुख्य मुद्दे छोट्या, सुटसुटीत परिच्छेदांत मांडा, गुंतागुंतीचा तपशील आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, आणि भरणीची सरकारी वाक्ये काढून टाका, असा त्याचा आशय होता. हे टिपण स्वतः एका पानात मावते.

अमेरिकी सैन्याने हीच गोष्ट नियमात बसवली. त्यांच्या पत्रव्यवहाराच्या नियमावलीत मुख्य मुद्दा आरंभी लिहावा, आणि मजकूर एकदा भरभर वाचून समजावा, अशी अपेक्षा आहे. या पंथाचे म्हणणे साधे आहे : निष्कर्ष पहिल्या ओळीत, कारणे नंतर.

व्यवस्थापन सल्लागारांच्या जगात बार्बरा मिंटो यांनी थोडी वेगळी वाट काढली. हार्वर्डमधून एमबीए होऊन त्या १९६३ मध्ये मॅकिन्सीत आल्या; सल्लागार म्हणून त्या कंपनीने घेतलेल्या त्या पहिल्या महिला एमबीए. पुढे लंडनला जाऊन त्यांनी सहकाऱ्यांचे लेखन सुधारण्याचे काम केले आणि त्यातून आपली ‘पिरॅमिड’ पद्धत मांडली. सुरुवातीसाठी त्यांचा क्रम असा : वाचकाला माहीत असलेली आणि मान्य असलेली स्थिती, त्या स्थितीत पडलेली अडचण, त्या अडचणीतून उभा राहणारा प्रश्न, आणि त्याचे उत्तर. म्हणजे प्रस्तावना ही एक लहानशी गोष्टच. वाचक मान हलवत आत येतो आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो तेव्हाच उत्तर समोर येते. इथे स्थिती दोन-तीन ओळींची असते. आपल्याकडे याच पद्धतीच्या नावाने स्थितीचीच चार पाने होतात.

चौथा पंथ अॅमेझॉनचा. जून २००४ मध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केले आणि सहा पानांपर्यंतचे सलग गद्य टिपण मागितले. बैठकीच्या आरंभी सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचे, मग बोलायचे. नव्या उत्पादनाच्या प्रस्तावाची सुरुवात तर तिथे ग्राहकांसाठीच्या प्रसिद्धिपत्रकाने होते : वस्तू तयार झाली असे समजून ती लोकांना कशी सांगाल, ते आधी लिहा. लिहिता आले नाही तर वस्तूतच काहीतरी कच्चे आहे.

हे पंथ एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एक म्हणतो उत्तर आधी, दुसरा म्हणतो गोष्ट आधी, तिसरा म्हणतो कार्यकक्षा आधी. माझ्या मते वाद रचनेचा नाहीच. वाचकाने प्रश्न आधी विचारला आहे की नाही, एवढाच मुद्दा आहे. दूध संघाच्या संचालक मंडळाने ‘दुधासाठी कूलर घ्यायचा की नाही’ असे विचारले असेल, तर पहिल्या ओळीत ‘घ्यावा’ किंवा ‘घेऊ नये’ आलेच पाहिजे. पण मंडळाला अडचणीचा पत्ताच नसेल, तर पहिल्या ओळीतले उत्तर अंगावर आल्यासारखे वाटते. तिथे मिंटोबाईंचा क्रम बरा. आणि अहवाल उद्या न्यायालयात किंवा लेखापरीक्षकापुढे जाणार असेल, तर कार्यकक्षा वर हवीच. वाचक कोण आणि त्याला पुढे काय करायचे आहे, हे ठरले की क्रम आपोआप ठरतो.

मराठी वाक्याचा पेच

‘मुद्दा आधी’ हा उपदेश इंग्रजीतून उचलून मराठीत तसाच लागू होत नाही, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. पुढचे वाक्य पाहा. ते मी बनवलेले आहे, पण अशी वाक्ये कोणत्याही पतसंस्थेच्या अहवालात सापडतील.

‘संस्थेच्या कर्जदार सभासदांपैकी ज्यांची थकबाकी तीन वर्षांपेक्षा अधिक काळाची आहे व ज्यांना वेळोवेळी नोटिसा देऊनही प्रतिसाद मिळालेला नाही अशा सभासदांच्या तारण मालमत्तेची विक्री करण्याबाबतचा प्रस्ताव उपसमितीच्या शिफारशीनुसार तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.’

‘स्थगित’ हा शब्द येईपर्यंत वाचकाला घरे विकली जाणार आहेत असेच वाटत राहते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. फक्त निर्णय त्याच्या शेपटीला बांधलेला आहे. उपाय सोपा आहे. वाक्य मोडा आणि निर्णयाला स्वतःचे आखूड वाक्य द्या :

‘तारण मालमत्तेची विक्री तूर्त करू नये, असे उपसमितीने सुचवले आहे. हा विषय तीन वर्षांहून जुनी थकबाकी असलेल्या आणि नोटिशींना उत्तर न देणाऱ्या कर्जदारांचा आहे.’

मराठीत ‘मुद्दा आधी’ याचा अर्थ ‘पहिले वाक्य लहान’ असाच घ्यावा लागतो. बारा-पंधरा शब्दांत क्रियापद आले, तर ते शेवटी असले तरी बिघडत नाही.

दुसरा पेच कर्मणी प्रयोगाचा. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आला’, ‘निदर्शनास आले’. कोणी केले, कोणाच्या निदर्शनास आले? चौकशी अहवालात कर्ता लपवायला कधी कधी कारण असते. प्रस्तावनेत ते नसते, कारण माहिती कोणी आणि कशी जमवली, हे सांगणे हेच तिथले काम आहे. ‘पाहणी करण्यात आली’ याऐवजी ‘दोन पर्यवेक्षकांनी चौदा संकलन केंद्रांवर आठ दिवस थांबून पाहणी केली’ असे लिहिले की वाचकाचा विश्वास तिथेच बसतो. तिसरी खोड ‘सदर’ आणि ‘सदरहू’ची. ज्या गोष्टीचे नाव अजून घेतलेच नाही, तिलाही ‘सदर’ म्हणणारे अहवाल आहेत.

१,९२० आणि ३

सुरुवात चुकली तर काय होऊ शकते, याचे जगातले सर्वांत विदारक उदाहरण आपल्याला परके नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान उडाले. सात जणांत कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आत बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास करून नासाला आपले निष्कर्ष स्लाइडच्या रूपात दिले.

त्यांतल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते : चाचण्यांच्या आकड्यांवरून केलेला अंदाज सावधगिरीच्या बाजूला झुकतो, असा त्याचा अर्थ निघत होता. खाली मुद्दे, त्यांखाली उपमुद्दे. अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी गोष्ट होती. ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला होता, त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता. प्रत्यक्षात निसटलेला तुकडा १,९२० घनइंचांचा धरला होता. म्हणजे ६४० पट मोठा. आकडे लपवलेले नव्हते. ते फक्त तळाशी होते. वरचे वाचून पुढे जाणाऱ्याच्या मनात ‘फार काळजी नाही’ एवढेच राहिले. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात यान फुटले. ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. आकडेवारीच्या मांडणीचे जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी तिचे ओळ न् ओळ विश्लेषण केले होते. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द त्या एका पानावर पाच वेळा येतो, आणि एकदाही ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे कळत नाही, हे त्यांनी दाखवले.

अपघात या एका स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही. संस्थेची सगळी कार्यपद्धतीच मंडळाने दोषी धरली. पण प्रस्तावना लिहिणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावीच. मर्यादा हा सुरुवातीचाच भाग आहे. ‘आमचा अंदाज ६४० पट लहान तुकड्याच्या चाचणीवर आधारलेला आहे’ हे वाक्य वर असते, तर शीर्षक तसे लिहिताच आले नसते.

गोड सुरुवात, कडू शेवट

दुसरा धडा प्रामाणिकपणाचा. एन्रॉनचे नाव महाराष्ट्राला सांगावे लागत नाही; गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प आणि त्यावरचे राजकारण एका पिढीच्या लक्षात आहे. या कंपनीच्या २००० सालच्या वार्षिक अहवालात भागधारकांना लिहिलेले पत्र होते. कोणत्याही मापाने मोजले तरी हे वर्ष यशाचे ठरते, अशा आशयाच्या वाक्याने ते सुरू होत होते. २००१ च्या मध्यात दाभोळ प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज दिला. ‘कोणत्याही मापाने’ असे जिथे लिहिले असते, तिथे वाचकाने एखादे माप विचारून पाहावे.

याची उलट बाजू आपल्या देशातली. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिले. खेदाचे एक वाक्य, आणि लगेच आकडे : ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. व्यावसायिक लेखन म्हणून पाहिले तर ही सुरुवात थेट आणि स्पष्ट आहे. लपवण्यासारखे काही उरले नाही त्या दिवशी ती लिहिली गेली, एवढीच शोकांतिका. आधीच्या वर्षांच्या अहवालांत एवढी स्पष्टता असती, तर या पत्राची वेळच आली नसती.

चांगला नमुना हवा तर वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या वार्षिक पत्रांकडे पाहावे. कित्येक दशके या पत्रांचे पहिलेच वाक्य आकडा सांगत असे : वर्षभरात कंपनीची निव्वळ मालमत्ता किती वाढली, आणि भागामागे पुस्तकी मूल्य किती टक्क्यांनी बदलले. सोबत १९६५ पासूनचा तक्ता असे, आणि शेजारी बाजाराचा निर्देशांक. कंपनी बाजाराच्या मागे पडली ती वर्षेही त्या तक्त्यात दिसत. अमेरिकी रोखे आयोगाने १९९८ मध्ये सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली, तिची प्रस्तावना बफे यांनीच लिहिली. लिहिताना आपण डोरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतो आहोत अशी कल्पना करतो, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. बहिणी हुशार, पण हिशेबनीस नव्हेत. आपल्या सभासदाचे वर्णनही याहून वेगळे नाही.

कायदा काय सांगतो

कायद्याने मजकूर ठरवून दिला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ मध्ये संचालक मंडळाच्या अहवालात काय काय यावे याची लांब यादी आहे. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांना सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार व्यवस्थापनाची चर्चा आणि विश्लेषण द्यावे लागते : उद्योगाची स्थिती, संधी, धोके, पुढचा अंदाज. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वेगळा अहवालही सक्तीचा झाला. सहकारी संस्थांवर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि उपविधींची बंधने आहेत.

पण कशाने सुरुवात करायची, हे कोणताही कायदा सांगत नाही. यादीतला प्रत्येक मुद्दा असला म्हणजे अहवाल कायदेशीर होतो. वाचनीय होण्याचे काम लिहिणाऱ्यावर सोडलेले आहे. सक्तीची यादी वाढेल तसे पहिले पान अधिक महत्त्वाचे होते, कारण दोनशे पानांत कुठे काय आहे, हे सांगणारे तेवढेच उरते.

एक नमुना

तत्त्वे पुष्कळ झाली. आता एक काल्पनिक उदाहरण. समजा, एका तालुका दूध संघाच्या व्यवस्थापकाला उन्हाळ्यात दूध नासण्याच्या प्रश्नावर अहवाल द्यायचा आहे. नेहमीची सुरुवात अशी होईल : ‘दूध हे पूर्णान्न आहे. भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश असून ग्रामीण अर्थव्यवस्थेत दुग्धव्यवसायाचे स्थान अनन्यसाधारण आहे. आजच्या स्पर्धेच्या युगात…’ यातले काहीही खोटे नाही. पण जे संचालक पहाटे स्वतः धार काढून आले आहेत, त्यांना हे ऐकवण्यात काय हशील?

आता दुसरी सुरुवात पाहा :

‘मार्च ते मे या ९२ दिवसांत संघाचे ११,०४० लिटर दूध नासले. संकलन ५,५२,००० लिटर होते. म्हणजे नासण्याचे प्रमाण २ टक्के. लिटरला ३४ रुपये धरल्यास नुकसान ३,७५,३६० रुपयांचे. यांतले ८,००० लिटर घाटापलीकडच्या चारच गावांचे आहे. म्हणून तिथे संकलनाच्या जागीच एक कूलर बसवावा, अशी शिफारस आहे. खर्च ९ लाख रुपये. तो साधारण सव्वातीन वर्षांत भरून निघेल. या प्रश्नाचा अभ्यास जूनच्या बैठकीत मंडळाने सांगितला होता. आकडे एकाच उन्हाळ्याचे आहेत, आणि विजेचा खर्च धरलेला नाही. तो धरला तर मुदत वाढेल. पुढे गावनिहाय आकडे, तीन पर्यायांची तुलना आणि दरपत्रके दिली आहेत.’

शंभराहून कमी शब्दांत अडचण, तिचा आकार, शिफारस, खर्च, अधिकार, मर्यादा आणि पुढच्या पानांचा नकाशा, सगळे आले. शोभेचे एकही विशेषण नाही. मर्यादेचे वाक्य काढून टाकायचा मोह होईल, कारण शिफारस कच्ची दिसेल अशी भीती वाटते. अनुभव उलटा असतो. विजेचा प्रश्न एखादा संचालक विचारणारच. तो आपणच आधी विचारला म्हणजे बैठक शिफारशीवर चालते, अहवालाच्या विश्वासार्हतेवर नाही.

बँकेत देण्याच्या प्रकल्प अहवालाला हेच सूत्र लागते, वाचक तेवढा बदलतो. तेलघाण्यासाठी मुद्रा कर्ज मागणाऱ्या तरुणाच्या अहवालात पहिली दोन पाने सरकारी योजनांच्या स्तुतीची असतात. शाखाधिकाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : पैसे परत कसे येणार? एकूण खर्च किती, स्वतःचे भांडवल किती, कर्ज किती, माल कोण घेणार आणि हप्ता कोणत्या कमाईतून जाणार, या पाच गोष्टी पहिल्या परिच्छेदात असल्या की तो खुर्चीत सावरून बसतो.

शेवटी लिहायची सुरुवात

या सगळ्या पंथांना मान्य होईल अशी एक गोष्ट उरते : प्रस्तावना वाचली जाते पहिली, पण लिहावी शेवटी. काय आढळले हे ठाऊक नसताना लिहिलेली सुरुवात पार्श्वभूमीवरच रेंगाळणार. तिच्याजवळ सांगायला दुसरे काही नसते. कामाच्या आरंभी कच्चा मसुदा जरूर करावा, त्याने दिशा राहते. अहवाल पुरा झाला की तो बाजूला ठेवून नव्याने लिहावा. मग एक साधी परीक्षा घ्यावी. तेवढेच पान विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला द्यावे आणि विचारावे : यांना काय हवे आहे? त्याला एका वाक्यात सांगता आले नाही, तर दोष त्याचा नाही.

येत्या सप्टेंबरसाठी अहवाल लिहिणाऱ्या सचिवांना आणि व्यवस्थापकांना एवढीच विनंती आहे. श्रद्धांजली राहू द्या. सहकारी संस्था माणसांची असते आणि गेलेल्या सभासदांची आठवण तिच्या अहवालात असलीच पाहिजे. तिला स्वतःचे पान द्या. पहिल्या पानावर मात्र नफा किंवा तोटा, थकबाकी, लाभांश आणि सभेने ज्यावर निर्णय घ्यायचा तो प्रश्न, हे आखूड वाक्यांत लिहा. संचालक मंडळाला खरोखर अत्यानंद झाला असेल, तर तोही लिहा. फक्त तो कशाचा झाला, हे त्याच वाक्यात सांगा.